‘गंमत केली’ म्हणणाऱ्या मुलाचं काय करायचं?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकवते. वर्गातल्या एका मुलाने वर्गातल्याच मुलीच्या नावाने इन्स्टाग्रामवर खोटं प्रोफाइल काढून तिचे फोटो टाकले, तिच्या नावाने चॅटही केलं. पकडल्यावर ‘मॅडम, गंमत केली’ म्हणतो. मुलगा फार हुशार आहे, वाया जाईल अशी भीती वाटते. प्राचार्य सायबर गुन्ह्यांवर व्याख्यान ठेवू म्हणतात. तेवढ्याने भागेल का?

उत्तर : नाही भागणार. अशी व्याख्यानं मीच किती दिली आहेत. मागच्या बाकांवर तेव्हाही फोनच चालू असतात.

आधी त्या मुलीचं बघा. मुलाच्या हुशारीच्या काळजीत ती तुमच्या पत्रातून एका वाक्यात निघून गेली आहे. प्रोफाइल डिलीट करायला लावायची घाई नको. अगोदर लिंक, यूजरनेम आणि चॅट यांचे तारीख-वेळ दिसतील असे स्क्रीनशॉट तिच्याकडे ठेवा, मग इन्स्टाग्रामवर तोतयेगिरीचा रिपोर्ट करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. (१९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.) तक्रार करायची की नाही हे ती ठरवेल. कॉलेजची अब्रू मध्ये आणू नका.

मुलाला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० वाचायला लावा. अशा प्रकरणांत कलम ६६ सी (ओळखचोरी) आणि ६६ डी (तोतयेगिरीने फसवणूक) लागतात. दोन्हींत ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. गंमतीला तिथे सूट नाही.

आता माझी चूक सांगतो. आमच्या लॅबमध्ये एका पोराने कीलॉगर, म्हणजे टाइप केलेली प्रत्येक की गुपचूप नोंदवणारा प्रोग्रॅम, टाकला होता. डेस्कटॉपवर ‘न्यू फोल्डर’, आत एक टेक्स्ट फाइल आणि तिच्यात सगळ्यांचे पासवर्ड. माझाही होता, मुलीचं नाव आणि जन्मवर्ष. मला राग आला की लाज वाटली, आजही सांगता येत नाही. मी त्याला सत्रभर लॅबबाहेर ठेवलं. परत आला तो जास्त सफाईने लपवायला शिकून. शिक्षा बरोबरच होती, पण तिच्या जोडीला त्याच्या हाताला काम द्यायला हवं होतं, ते मला सुचलं नाही.

अशा मुलांना आपलं कसब कुणीतरी बघावं असं वाटत असतं. त्याला मराठी विकिपीडियावर बसवा. २००३पासून चालू आहे, आणि तिथे प्रत्येक बदल ‘इतिहास’ या पानावर खातेनावासह राहतो. बिनसंदर्भाचं वाक्य टाकलं तर कुणी अनोळखी माणूस ते उडवून कारण विचारतो. दुसऱ्याच्या नावामागे लपणाऱ्याला हा अनुभव झोंबतो, आणि झोंबावाच. कॉलेजचं इन्स्टाग्राम पेज मात्र एवढ्यात त्याच्या हातात देऊ नका.

तांत्रिक खुमखुमी असेल तर ‘कॅप्चर द फ्लॅग’ या हॅकिंगची कोडी सोडवायच्या स्पर्धा आहेत, सुरक्षेतली चूक शोधून दिल्यास बक्षीस देणारे कंपन्यांचे बग बाउंटी कार्यक्रम आहेत. परवानगीशिवाय कॉलेजची वेबसाइट ‘तपासून’ बघणं हा मात्र गुन्हाच. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने आपल्याच विद्यापीठाचं नेटवर्क वारंवार बंद पाडलं होतं; पुढे ‘मिराई’ बॉटनेटमागच्या (हल्ल्यांसाठी ताब्यात घेतलेल्या असंख्य उपकरणांच्या जाळ्यामागच्या) तिघांत तोच निघाला. २०१८मध्ये कोर्टाने विद्यापीठावरच्या हल्ल्यांसाठी त्याला ८६ लाख डॉलर भरपाई ठोठावली. तोही हुशारच होता.

माफी लेखी घ्या, पण मुलीला हवी असेल तरच. तिला त्याच्यासमोर बसवू नका.

आणि व्याख्यान होणारच असेल तर अर्धा वेळ मुलांना द्या. आपापला फोन उघडून, आपलं अकाउंट कुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे ते प्रत्येकाने बघायचं. मी हे केलं तेव्हा एका मुलीचं अकाउंट मैत्रिणीच्या फोनवर आठ महिने उघडं निघालं. दोघी एकाच बाकावर बसायच्या.