वाचकांचे प्रश्न: आमच्या कापसाचा भाव नेमका कुठं ठरतो?

प्रश्न: नमस्कार सर, मी काटोल तालुक्यातला शेतकरी, कापूस आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला अन् त्याच महिन्यात आपल्या सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरची ११ टक्के ड्युटी काढून टाकली. दोन्हीकडून आम्हीच काहून मार खायचा? ती डब्ल्यूटीओ, म्हणजे जागतिक व्यापार संघटना, मग कशासाठी आहे?

उत्तर: भाऊ, यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आधी त्या सुट्या करू. ड्युटी काढा असं आपल्याला जिनिव्हावरून, म्हणजे डब्ल्यूटीओच्या मुख्यालयातून, कोणी सांगितलं नव्हतं. डब्ल्यूटीओत प्रत्येक देश कुठल्या मालावर जास्तीत जास्त किती ड्युटी लावणार ते लिहून देतो, ती वरची हद्द, तिच्या खाली किती यायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. टॅरिफमुळं कापडवाल्यांच्या ऑर्डरी अडकल्या, त्यांची मागणी होतीच, म्हणून दिल्लीनं ड्युटी काढली, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग थेट डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे ऐन वेचणीच्या दिवसांत. मला ही वेळ साफ चुकीची वाटते. गिरण्यांना मदत करायचीच होती तर ती सरकारच्या तिजोरीतून करायची, शेतकऱ्याच्या भावातून नाही. पण याचा जाब दिल्लीलाच विचारावा लागेल.

अमेरिकेच्या टॅरिफचं वेगळं आहे. डब्ल्यूटीओचा पायाच हा की एका सदस्याला जो दर तोच सगळ्यांना, देश बघून वेगवेगळा दर लावणं त्यात बसत नाही. तक्रार करता येते, ब्राझीलनं त्याच ऑगस्टमध्ये केली पण. अडचण पुढं आहे. डब्ल्यूटीओच्या अपिलाच्या मंडळात सात जण असतात, एक केस ऐकायला किमान तीन लागतात, अमेरिकेनं नव्या नेमणुका अडवून धरल्या आणि डिसेंबर २०१९ पासून ते मंडळ बंदच पडलंय. मग हरलेल्या देशानं अपील टाकलं की फाइल तिथंच पडून राहते. युरोपियन युनियन, चीन, ब्राझील वगैरेंनी २०२० मध्ये आपापसात तात्पुरती अपिलाची सोय केली, त्यात भारत नाही आणि अमेरिकाही नाही.

हे मंडळ चालू होतं तेव्हा काय होऊ शकत होतं तेही सांगतो, कारण ती केस कापसाचीच आहे. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना सबसिडी देऊन जगाचा भाव पाडते म्हणून ब्राझीलनं २००२ मध्ये तक्रार केली, २००५ मध्ये अपिलातही जिंकला, तरी अमेरिका ढिम्म, शेवटी २००९ मध्ये ब्राझीलला उलट कारवाईची, म्हणजे अमेरिकी मालावर जादा ड्युटी वगैरे लावण्याची, परवानगी मिळाली तेव्हा कुठं अमेरिका वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायला तयार झाली, आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. पण बेनिन, माली, बुर्किना फासो आणि चाड या चार गरीब देशांनी २००३ पासून हीच ओरड चालवली होती, त्यांच्या शेतकऱ्याची गत आपल्या कोरडवाहू शेतकऱ्यासारखीच, त्यांना त्या पैशातून काही मिळालं नाही. उलट कारवाई करायलाही मोठा बाजार हातात लागतो, तो त्यांच्याकडं कुठं होता?

आता भावाचं. जिनिंगवाला सकाळी न्यूयॉर्कचा वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या कापसाच्या सौद्यांचा भाव, बघतो, तो पौंडाला किती सेंट असा असतो, मग डॉलरचा रेट, मग सरकीचा भाव, आणि त्यावरून तुम्हाला क्विंटलचा भाव सांगतो. न्यूयॉर्कमध्ये कोणी किती सौदे धरून ठेवायचे यावर सेबीचा, म्हणजे आपल्या शेअर अन् वायदे बाजाराच्या नियामकाचा, काहीच अधिकार चालत नाही, तिथला नियामक वेगळा. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव होता ८,११० रुपये, तेवढाच खालून टेकू.

प्रश्न: मी मनीषनगरला राहते, दर महिन्याला एसआयपी चालू आहे. अमेरिकेत व्याजदराची नुसती बातमी आली तरी इथलं मार्केट पडतं. पैशासाठी पण डब्ल्यूटीओसारखं काही आहे का?

उत्तर: नाही ताई, मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. मालासाठी निदान सगळ्यांनी सही केलेला करार आहे, पैशासाठी आहेत त्या बँकवाल्यांच्या समित्या. १९७४ मध्ये जर्मनीची हर्स्टाट बँक बुडाली, लोकांनी तिला मार्क देऊन झाले होते आणि न्यूयॉर्कमध्ये डॉलर मिळायच्या आत ती बंद, त्यातून देशोदेशीच्या बँक-नियामकांची बासेल समिती निघाली. ती सल्ला देते, हुकूम नाही देत. बँकांनी जोखमीनुसार मोजलेल्या कर्जांच्या किमान ८ टक्के भांडवल ठेवावं असं ती म्हणते, आपल्या रिझर्व्ह बँकेनं स्वतःहून ९ ठेवलंय. २००८ मध्ये अमेरिकेची लेहमन बँक बुडाल्यावर २००९ मध्ये जगाच्या वित्तव्यवस्थेवर नजर ठेवायला फायनान्शियल स्टॅबिलिटी बोर्ड आलं, त्यालाही कायद्याचा अधिकार नाही, भारताला दोन्हीकडं खुर्ची मिळाली ती त्याच वर्षी. आयएमएफकडं, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडं, पैसा आहे, पण मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडं साडेसोळा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तिच्या नकारापुढं बाकी सगळं जग एकत्र आलं तरी उपयोग नाही.

मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडचे, तेव्हाचे प्रमुख बर्नान्के फक्त म्हणाले की रोखे खरेदी कमी करू शकतो, तेवढ्यावर आपला रुपया डॉलरला ५५ च्या आसपासचा ऑगस्टअखेर ६८ च्या पुढं घसरला. फेडचा कायदा तिला अमेरिकेतली महागाई आणि रोजगार बघायला सांगतो, आपली एसआयपी त्यात कुठंच येत नाही. आपल्या हातात राहतो तो डॉलरचा साठा आणि परदेशी पैसा कुठून किती येईल यावरच्या मर्यादा. त्या मर्यादा जुनाट आहेत, काढा, असं बरेच जण सांगतात, मला ते अजिबात पटत नाही.

प्रश्न: बांगलादेशनं आमच्या संत्र्यावर ड्युटी वाढवत नेली, त्यांच्यावर केस होते का? (नरखेड)

उत्तर: अवघड आहे. २०१९ पासून वाढत वाढत ती २०२३ पर्यंत किलोला ८८ रुपयांच्या घरात गेली खरी, पण बहुतेक शेतमालावर बांगलादेशनं लिहून दिलेली हद्दच २०० टक्क्यांची आहे. म्हणजे राहतो तो दोन सरकारांच्या बोलण्याचा रस्ता. त्यांचं बजेट जूनमध्ये येतं, म्हणून उत्पादक कंपन्यांची निवेदनं दिल्लीत फेब्रुवारी-मार्चमध्येच पोचायला हवीत, आंबिया बहाराची संत्री बाजारात आल्यावर फार उशीर झालेला असतो.