गाडीच्या दारात डॅम्पिंग (आवाज-कंप कमी करणारी शीट) लावल्यानंतर काच तिरकी चढतेय? आधी हे बघा

मोटर बदलायची घाई करू नका, बहुतेक वेळा ती ठीकच असते. ट्रिम (दाराचं आतलं पॅनल) काढून स्विच तात्पुरता जोडा आणि काच हळूहळू पूर्ण खाली न्या. स्पीकरचं मॅग्नेट काचेला टेकत असेल तर स्पेसर रिंग (स्पीकर आणि दार यांच्यामधली कडी) जाड घ्यावी लागेल. डॅम्पिंग शीटची सुटलेली कड किंवा स्पीकरची लोंबती वायर रेग्युलेटरच्या (काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेच्या) वाटेत येते का, तेही टॉर्चने बघा. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं शीटखाली बुजली असतील तर आत्ताच मोकळी करा, नाहीतर दार आतून गंजेल.

आता अलाइनमेंट. काच धरणारे बोल्ट (बहुतेक गाड्यांत 10 मिमी) ढिले करण्याआधी काच मास्किंग टेपने फ्रेमला बांधा, नाहीतर ती दारात कोसळते. मग काच हाताने वर ढकलून दोन्ही बाजूंच्या रबरी चॅनेलमध्ये नीट बसवा आणि वर असतानाच बोल्ट आवळा. खाली ठेवून आवळलेली काच पुन्हा तिरकीच जाते. चॅनेलमध्ये सिलिकॉन स्प्रेच मारा. ग्रीसला धूळ चिकटते.

ऑटो-अप (स्विच एकदा ओढला की आपोआप वर जाणारी) काच अर्ध्यातून परतत असेल तर शेवटी रीसेट: काच पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद ओढून धरा. नेमकी पद्धत मॅन्युअलमध्ये असते.