नवा कॅमशाफ्ट आणि पहिली वीस मिनिटे

कुडाळच्या सदस्यांनी विचारले आहे की, अँबॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनात नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) व नवे टॅपेट (त्याचा रेटा व्हॉल्व्हकडे पोचवणारे भाग) बसवले असून मिस्त्री ‘दोन तास आयडलिंगवर, म्हणजे उभ्या गाडीत सर्वात संथ वेगावर, सोडा, आपोआप बसेल’ असे सांगतात, तर तसे करावे का. माझ्या मते मुळीच करू नये.

कॅमच्या बेअरिंगांना पंपाच्या दाबाने तेल मिळते, परंतु लोबांची, म्हणजे टॅपेटला उचलणाऱ्या कॅमवरील उंचवट्यांची, भिस्त मुख्यतः क्रँकशाफ्ट (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) फिरताना उडणाऱ्या तेलावर असते. आयडलिंगला ते पुरेसे उडत नाही, आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा जोर लोबच्या टोकावर सर्वाधिक पडतो तोही संथ वेगातच. टॅपेटचा तळ सपाट म्हणवला जात असला तरी किंचित फुगीर असतो आणि लोबला किंचित उतार असतो, म्हणूनच टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो; सुरुवातीच्या मिनिटांत तो फिरायचा थांबला, तर लोब आणि टॅपेट दोन्ही निकामी होतात.

बसवताना लोबांना आणि टॅपेटच्या तळांना मॉलिब्डेनमची पेस्ट लावली होती का, हे मिस्त्रींना विचारावे. इंजिन जोडून पावसाळाभर पडवीत ठेवले असेल, तर आपल्या खाऱ्या दमट हवेत लोबांवर गंज धरू शकतो. ब्लॉकच्या बाजूची झाकणे काढून तेवढे अवश्य पाहावे.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू व्हावे, कारण सेल मारत राहिल्यास पेस्ट पुसली जाते. त्यासाठी ठिणगीचे टायमिंग आधीच लावावे, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आणि फिल्टरमध्ये तेल भरावे. नारळही आधीच फोडून घ्यावा. मी माझ्या गाडीच्या वेळी सुरू झालेले इंजिन कौतुकाने आयडलिंगवर ऐकत बसलो होतो; महिन्याभरात एका लोबाचे टोक झिजून गेले.

सुरू होताच तेलाचा दाब पाहून वेग मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांवर न्यावा आणि त्या मर्यादेत कमीजास्त करत वीस ते तीस मिनिटे चालवावे. या गाडीला टॅकोमीटर (फेऱ्या दाखवणारा मापक) नसतो, तेव्हा एखाद्या गॅरेजमधून तो मागून आणावा. गाडी जागेवर उभी असल्याने रेडिएटरसमोर मोठा पंखा ठेवावा. पाणी तापले किंवा तेल गळू लागले तर इंजिन सरळ बंद करावे. दुरुस्तीनंतर उरलेली मिनिटे पूर्ण करता येतात.

तेलाच्या डब्यावर ‘२०डब्ल्यू-५०’ हा दाटपणाचा आकडा एवढेच पाहून भागत नाही, त्यात झिंक आणि फॉस्फरसची झीजरोधक मात्रा भरपूर हवी. पातळ आधुनिक तेलांत, उदाहरणार्थ एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसएन दर्जाच्या ५डब्ल्यू-३० मध्ये, फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे. ती येथे नकोतच.

ही वीस-तीस मिनिटे पूर्ण झाल्यावर तेल व फिल्टर लगेच बदलावेत. काढलेल्या तेलात पेस्टचा करडा रंग दिसल्यास घाबरू नये, मात्र चुंबकाला चकचकीत कण चिकटले तर थांबावे. पहिल्या ५०० किलोमीटरांत टॅपेटचे अंतर (प्रत्येक व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातील फट) दोनतीनदा तपासावे. एकाच व्हॉल्व्हचे अंतर पुन्हा पुन्हा वाढत असेल, तर तो लोब झिजतो आहे असे समजून बाजूचे झाकण उघडावे.