वाचकांचे प्रश्न: सॅसची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: मी जळगावला बीसीएच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. एचटीएमएल आणि सीएसएस मला बऱ्यापैकी येते. रावेरच्या एका केळी व्यापाऱ्यांचे संकेतस्थळ करत असताना त्यांनी हिरव्या रंगाची छटा बदलायला सांगितली आणि ती मला फाइलमध्ये जागोजागी शोधून बदलावी लागली. मित्र म्हणतो, सॅस शिक. ते शिकावे का, आणि शिकायचे तर कोणत्या क्रमाने? (एक वाचक, यावल)

उत्तर: सॅस म्हणजे सीएसएस अधिक सोयीने लिहिण्यासाठीची विस्तारित भाषा. आपली अडचण केवळ रंगापुरती असेल, तर तिची गरज नाही. सीएसएसमध्येच आता कस्टम प्रॉपर्टी, म्हणजे आपण नाव देऊन साठवलेल्या किमती, आहेत. रंगाला एकदा नाव द्यावे आणि सर्वत्र तेच नाव वापरावे. तरीही सॅस शिकावे असे मी सुचवेन, कारण काम वाढले की एकच लांबलचक फाइल सांभाळणे हीच खरी डोकेदुखी होते.

सॅस २००६ पासून आहे, आणि आज बहुतेक जण त्याची जी एससीएसएस ही लेखनपद्धती वापरतात ती २०१० मध्ये आली. या पद्धतीत साधे सीएसएस जसेच्या तसे चालते, म्हणून आपली जुनी फाइल केवळ नावाचा शेवट बदलून सॅसची फाइल होऊ शकते. मात्र ब्राउझरला सॅस समजत नाही. आपण लिहिलेल्या मजकुरापासून कंपायलर सीएसएस तयार करतो आणि संकेतस्थळावर तेच चढवले जाते. संगणकावर नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) असेल, तर तिच्यासोबत येणाऱ्या एनपीएम या पॅकेज बसवण्याच्या साधनाने ‘सॅस’ हेच पॅकेज बसवावे. जुन्या व्हिडिओंत सांगितलेले ‘नोड-सॅस’ घेऊ नये, कारण ते ज्या लिबसॅस या जुन्या कंपायलरवर उभे आहे ते २०२० मध्येच कालबाह्य ठरवले गेले.

पहिल्या आठवड्यात व्हेरिएबल आणि पार्शल या दोनच गोष्टी कराव्यात. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे व्हेरिएबल कंपाइल होतानाच आपली किंमत देऊन नाहीसे होते; कस्टम प्रॉपर्टी मात्र ब्राउझरमध्ये जिवंत राहते, म्हणून रात्रीची गडद रंगसंगती हवी असल्यास तीच उपयोगी पडते. उलट, मोबाइलसाठी मीडिया क्वेरीच्या अटीत रुंदी लिहायची असेल तर तेथे कस्टम प्रॉपर्टी चालत नाही, सॅसचे व्हेरिएबल चालते. दोन्ही ठेवावीत, आणि कोणते कोठे हे ठरवून घ्यावे. पार्शल म्हणजे अधोरेषेने सुरू होणाऱ्या नावाची फाइल. तिची वेगळी सीएसएस फाइल निघत नाही, ती मुख्य फाइलमध्ये घेतली जाते. रंग, बटणे आणि भावांचा तक्ता यांच्या तीन फाइली केल्या, तरी पुष्कळ गोंधळ मिटेल.

यानंतर नेस्टिंग, म्हणजे एका नियमाच्या कंसात दुसरा नियम लिहिणे, येते, आणि नवशिका नेमका येथे वाहवत जातो. भावांच्या तक्त्यात ओळ, ओळीत रकाना, रकान्यात दुवा असे कंसात कंस लिहिताना फार नीटनेटके वाटते. पण त्यातून निघणारा सिलेक्टर चार तुकड्यांचा होतो आणि त्याचे वजन, म्हणजे दोन नियम भिडले की कोणता लागू व्हावा हे ठरवणारा अग्रक्रम, वाढते. पुढे व्यापाऱ्यांनी आजचा सर्वाधिक भाव लाल दाखवायला सांगितला, की त्यासाठी लिहिलेला साधा एक क्लास या सिलेक्टरपुढे हरतो, आणि मग जो तो ‘इम्पॉर्टंट’ लावत सुटतो. म्हणून दोनपेक्षा खोल जाऊ नये, आणि दर वेळी तयार झालेली सीएसएस फाइल उघडून पाहावी. अनेक शिकवण्यांत ही सवय लावलीच जात नाही. २०२३ पासून प्रमुख ब्राउझरांत सीएसएसचे स्वतःचे नेस्टिंगही आले आहे, परंतु सॅसमध्ये ॲम्परसँडला (& या चिन्हाला) शेपूट जोडून नवे क्लासनाव घडवता येते, ते तेथे होत नाही.

मिक्सिन, म्हणजे नाव देऊन पुन्हापुन्हा वापरायचा ओळींचा गट, शेवटी शिकावे. ते जितक्या ठिकाणी बोलवाल तितक्या ठिकाणी त्यातील ओळींची प्रत उमटते, एवढे लक्षात ठेवले तरी सध्या पुरे.

प्रश्न: सॅसमध्ये एक फाइल दुसरीत घेण्यासाठी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ‘इम्पोर्ट’ लिहिले तर इशारा येतो. माझे काय चुकले? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर: आपले काही चुकलेले नाही, पुस्तक जुने आहे. ‘इम्पोर्ट’ने सगळी नावे एकाच ढिगात येत आणि कोणते व्हेरिएबल कोणत्या फाइलचे हे कळत नसे. त्यावर उपाय म्हणून २०१९ मध्ये ‘यूज’ आले आणि २०२४ पासून ‘इम्पोर्ट’वर इशारा येऊ लागला. फाइल आज चालेल, मात्र नवे काम ‘यूज’नेच करावे. त्यात नावापूर्वी फाइलचे नाव आणि टिंब लिहावे लागते. जुन्या फाइलींसाठी सॅसचेच मायग्रेटर हे साधन आहे. ते चालवण्यापूर्वी फाइलींची प्रत काढून ठेवावी.