पावसात बंदूक का चालत नसे, आणि त्यावर तोडगा काय निघाला?

तुम्ही विचारलंय की शिवकाळातल्या बंदुका पावसात खरंच निकामी होत का, आणि पुढे हा प्रश्न सुटला कसा. हो, होत. बंदुकीचा इतिहास मला तरी मुख्यतः एकाच अडचणीचा वाटतो: नळीतल्या दारूपर्यंत आग पोहोचवायची कशी?

पुण्यात आहात, तर राजा केळकर संग्रहालयातली जुनी शस्त्रं एकदा निवांत बघा. तोड्याच्या बंदुकीला नळीच्या मागच्या टोकाशी बाजूला बारीक भोक असतं, तो कान. त्याला लागून छोटी खोलगट वाटी. आधी नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची, मग वाटीत चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक. चाप ओढला की चिमट्यातला जळता तोडा रंजकीवर टेके, भडका कानातून आत जाई आणि बार उडे. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी. लढाईभर ती धुमसत ठेवावी लागे. पावसाची सर आली की तोडा विझे, रंजकीचा चिखल होई. रात्री दबा धरावा तर तोड्याच्या निखाऱ्याने आणि वासाने सुगावा लागे. मोहिमा दसऱ्यानंतर निघत त्याला नद्यांचे पूर आणि चिखल ही मोठी कारणं होतीच, पण दारू कोरडी राखणं हाही घोर होताच.

पुढे गारगोटी आली. चाप ओढला की घोडा, म्हणजे बंदुकीचा आपटणारा खटका, पुढे झेपावे; त्याच्या जबड्यातली गार पोलादी पट्टीवर आपटे, ठिणग्या पडत आणि त्याच फटक्यात वाटीवरचं झाकण उघडे. तोवर रंजक झाकलेली. फार देखणी युक्ती! सराव असलेला शिपाई मिनिटाला २-३ बार काढी. तरी मुसळधार पावसात भरवसा नव्हताच.

खरा तोडगा काढला अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने. नुसत्या आघाताने पेटणारं रसायन वापरायची पद्धत त्याने शोधली आणि १८०७ साली पेटंट घेतलं. त्यातूनच तांब्याची टोपी आली. कानावर टोपी बसवायची, घोडा तिच्यावर पडला की बार. उघडी रंजक कायमची गेली.

शेवटी टोपी, दारू आणि गोळी पितळी काडतुसात एकत्र बसली. बार उडताना काडतूस फुगून नळीची मागची बाजू घट्ट बंद करतं, त्यामुळे बंदूक मागून बिनधोक भरता येऊ लागली. गज ठासायला उभं राहायची गरज संपली आणि शिपाई जमिनीवर पालथा पडूनच बंदूक भरू लागला.