मध्य आशियातले पाचही देश एका फेरीत करायचे तर ग्रुप टूर घ्यावी की स्वतः फिरावं?

पाचही देश एकदम करायचे असतील तर ग्रुप टूरच घ्या; फक्त उझबेकिस्तान-कझाकस्तान असेल तर गरज नाही. खरी अडचण कागदपत्रांची आणि सीमांची आहे. तुर्कमेनिस्तानच्या पर्यटक व्हिसासाठी निमंत्रणपत्र लागत आलंय, ताजिकिस्तानात पामीर या उंच डोंगराळ भागासाठी वेगळा परवाना असतो, आणि काही सीमा तर सामान ओढत पायीच ओलांडाव्या लागतात. याउलट उझबेकिस्तानात ताश्कंद ते समरकंद अफ्रोसियाब या वेगवान रेल्वेने दोन-सव्वादोन तासांत होतं, कझाकस्तानात भारतीयांना १४ दिवस व्हिसाही लागत नाही. मात्र पैसे भरण्याआधी रोजचा कार्यक्रम तपासा: पामीर महामार्गावरची अक-बायताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे, त्याआधी विरळ हवेची सवय व्हायला मुक्काम नसतील तर ती टूर टाळा.