दोन दिवसांत नाशिक कसं करावं? तासवार वेळापत्रक मिळेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शनिवार-रविवार, ठाण्याहून स्वतःची गाडी, सोबत सत्तरीचे आईवडील, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. पंचवटी, पांडवलेणी, मुक्तिधाम, त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगी, एखादी वाइनरी आणि ‘येताना वाटेत’ शिर्डी. शिर्डी वाटेत नाही. ठाणं आमच्या एका अंगाला, शिर्डी दुसऱ्या अंगाला. समृद्धी महामार्गाने तिकडून परस्पर घरी जाता येईल, पण त्याला वाटेत म्हणत नाहीत. ती आधी खोडा.

उरलेलं बसेल का? बसेल. आमच्या दाजींनी बसवून दाखवलं होतं, तेच सांगायला लिहितोय.

२०१६ च्या नाताळात ताई, दाजी, भाचा (तेव्हा अकरा वर्षांचा) आणि ताईच्या सासूबाई आल्या होत्या. दाजी ठाण्याचे, हिशेबी माणूस, वाईट अजिबात नाहीत. त्यांनी दोन दिवसांचा तक्ता करून, छापून, वर लॅमिनेट करून आणला होता. पहिली ओळ : ८.३० मिसळ, २० मिनिटं. ज्याने कोणी रविवारी सकाळी नाशकात मिसळ खाल्लीय त्याला इथेच हसू येईल. नाव पुकारेपर्यंतच अर्धा तास जातो. मग रस्सा परत मागायचा, पापड मोडायचा, शेवटी दही, नाहीतर जिलबी. आणि मिसळीवर बसल्यावर उठवायचं नसतं कुणाला.

ते ८.३० ला आलेच नाहीत. कसारा घाटात कंटेनर बंद पडला होता, साडेदहा झाले. मला वाटलं, चला, आता तक्ता गेला. पण नाही. दाजींनी पेन काढलं आणि पुढच्या प्रत्येक ठिकाणातून दहा-दहा मिनिटं कापली.

पांडवलेण्यांना मिळाली पस्तीस मिनिटं. वर चढायलाच वीस लागतात, सासूबाईंना तर जमणारच नव्हतं, त्या खाली गाडीत. लेणी चोवीस आहेत, पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. बघायची ती निवडक : तिसरं, दहावं, अठरावा चैत्य (प्रार्थनेचं लेणं). दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाच्या जावयाचा, उषवदाताचा, लेख आहे. या जावयाने आपण काय काय केलं ते भिंतीवर कोरून ठेवलंय : तीन लाख गाई दिल्या, दरवर्षी लाख ब्राह्मण जेवू घातले, नद्यांवर फुकट नावा सोडल्या. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव ठेवली, दोन हजारांवर महिना एक टक्का आणि हजारावर पाऊण टक्का व्याज, त्यातून भिक्षूंना चिवरं, म्हणजे वस्त्रं. (गोवर्धन गाव अजून आहे, गंगापूर धरणाच्या वाटेवर.) पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला, आणि तिसऱ्या लेण्यातल्या लेखात तो या जावयाच्या ताब्यातलंच एक शेत भिक्षूंना देऊन टाकतो. मला हे तिथे उभं राहून सांगायचं होतं. पण समोर घरचा जावई, हातात यादी घेऊन. गप्प बसलो.

तिथून मुक्तिधाम, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, नाशिकरोडला. संगमरवरी देऊळ, भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय, वीस मिनिटं. ट्रेनने येणाऱ्यांसाठी ते ठीक आहे, स्टेशनाजवळच आहे. गाडीने येऊन, पांडवलेण्यांवरून तिकडे जाऊन पुन्हा पंचवटीत येणं म्हणजे गावाला नुसती प्रदक्षिणा. यादीतून दुसरं नाव हे खोडा.

पंचवटीत पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. अण्णा, म्हणजे आमचे वडील, तेव्हा सत्त्याहत्तरचे. ते सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. त्यांना लेणी नको, मुक्तिधाम नको, त्यांना नातवाला गंगेवर न्यायचं होतं. (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, गोंधळू नका.) अण्णांची उभी नोकरी भांडी बाजारात गेली, एका पेढीवर खातेवही लिहायचे. घाट त्यांचं अंगण.

रामकुंडाशी दाजी हात जोडून लगेच वळले. अण्णा मात्र नातवाला दुतोंड्या मारुतीपाशी घेऊन गेले. नाशिकबाहेरच्यांसाठी : हा नदीपात्रातला मारुती म्हणजे आमची पूर मोजायची पट्टी. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी, असं फोनवर विचारतात. गळ्याच्या वर गेलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. अण्णांनी सुरुवात केली, “बाळा, एकोणसत्तरच्या पुरात हा मारुती दिसतच नव्हता. मी भांडी बाजारात माडीवर...”

आणि दाजी म्हणाले, “अण्णा, चार दहाला निघायचंय. काळाराम राहिलाय अजून.”

अण्णा म्हणाले, “हो हो, चला.” बस, एवढंच. त्यांना वाईट वाटलं का, माहीत नाही. जावयासमोर ते दाखवणार नाहीत. मला मात्र वाटलं आणि ते आजही आहे.

काळारामाला मग दहा मिनिटं. त्या दारापाशी २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला, तो पुढे पाच वर्षं चालला. पाच वर्षं माणसं दाराबाहेर उभी राहिली आणि आपण दहा मिनिटांत आतबाहेर. भाच्याला यातलं कुणी काही सांगितलं नाही, मीही नाही. त्याला आठवतं ते एवढंच की कपालेश्वराच्या देवळात नंदी नाही, कारण ते त्याने स्वतः शोधून काढलं, आम्ही चपला घालत होतो तेवढ्यात.

संध्याकाळी वाइनरी. अंधार पडल्यावर पोचलो, द्राक्षाचा एक वेल दिसला नाही, पार्किंग छान होतं.

दुसरा दिवस थोडक्यात आटपतो, कारण अजून डोकं तापतं. पहाटे पाचला त्र्यंबक. नाताळची सुट्टी, रांगेत चार तास. मग वणी, म्हणजे सप्तशृंगी गड. आता नकाशा बघा : त्र्यंबक नाशिकच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटर, सप्तशृंगी गड उत्तरेला साठाच्या वर. म्हणजे पुन्हा नाशिक ओलांडून जायचं. गडाखाली गाडी लागली तेव्हा ऊन उतरलं होतं. तेव्हा ट्रॉली नव्हती, पाचशेच्या वर पायऱ्या. सासूबाई पहाटेपासून गाडीत आणि रांगेत आंबलेल्या. त्यांनी पहिल्या टप्प्यावरूनच हात जोडले, ओटी ताईकडे दिली आणि खाली बसल्या.

परतताना कळलं की त्या ठाण्याहून निघाल्या त्या फक्त गडासाठी. कुलदेवी. नातवाच्या वेळचं बोललेलं राहिलं होतं. अख्ख्या यादीत त्यांची एकच गोष्ट, आणि ती शेवटच्या ओळीत. दाजींना विचारलं तर म्हणाले, “आई बोललीच नाही.” खरंय, बोलल्या नाहीत. पण विचारलं कुणी?

तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, दाजी कुणा ना कुणाला सांगतात, “नाशिक आम्ही दोन दिवसांत पूर्ण केलं.” मी दरवेळी म्हणतो, नाशिक ‘करायची’ गोष्ट आहे का, ती काय भाजी आहे? आणि दरवेळी ताई मला डोळ्यांनी गप्प करते. म्हणून तुमच्या प्रश्नात ‘करावं’ वाचलं आणि हात शिवशिवले.

आता उलट बाजू. २०२३ मध्ये भाच्याच्या प्रवेश परीक्षेचं केंद्र नाशिक आलं. एकटाच आला, दोन दिवस मुक्काम, पेपर सोडला तर कसलाच बेत नाही. मे महिना, दुपारभर झोपला. संध्याकाळी अण्णा म्हणाले, चल गंगेवर. तेव्हा ते चौऱ्याऐंशीचे, पायऱ्या उतरत नाहीत, वरच कठड्यावर बसतात. पुडीत भत्ता (कुरमुऱ्यांचा) घेतला, कांदा जास्त. बुधवार होता, पटांगणात बाजार भरलेला, दोघं भाजीवाल्यांची बडबड ऐकत बसले. आणि मग न विचारता एकोणसत्तरचा पूर निघाला.

झालं होतं असं की पाणी पेठेत शिरलं तेव्हा मालक ओरडले, वह्या माडीवर न्या. अण्णा तिशीतले, अंगात जोर. गठ्ठा खांद्यावर टाकला आणि चढले. वर जाऊन सोडतात तो काय, जुन्या, मिटलेल्या हिशेबांच्या वह्या! चालू उधारीची वही खालीच राहिली. ती हंड्या-कळश्यांबरोबर गंगेला मिळाली. पाणी ओसरल्यावर काही गिऱ्हाइकं आपणहून येऊन सांगून गेली, माझे इतके आहेत, लिहून घ्या. काहींना मात्र गंगा पावली, ती पुन्हा त्या पेठेत फिरकली नाहीत. मालक अण्णांना एका शब्दाने बोलले नाहीत, पण दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात वह्या मांडताना म्हणायचे, “ह्या चालूच आहेत ना रे?”

ही गोष्ट मी पन्नास वर्षांचा होईतो ऐकली नव्हती. मलाही ती भाच्याकडून कळली. फिरकली नाहीत ती गिऱ्हाइकं कोण, त्यांची नावंसुद्धा अण्णांनी त्याला सांगितलीत, त्यांतली काही घरं अजून गावात आहेत म्हणे. पोरगा मला नावं सांगत नाही.

तर तुमचं वेळापत्रक. तासवार देणार नाही. शनिवारी ठाण्याहून पहाटे निघा, घाटात अडकलात तर अडकलात. मुक्काम जुन्या गावाजवळ घ्या, नाशिकरोडला स्वस्त मिळालं तरी नको, तिथून पंचवटी नऊ-दहा किलोमीटर आहे आणि गाडी लावायला घाटाजवळ जागा नसते. दुपारी आईवडिलांना झोपू द्या. चारनंतर रविवार कारंज्यावरून सराफ बाजारातून चालत घाटावर उतरा. नारोशंकराची घंटा, कपालेश्वर, काळाराम, सगळं चालत होतं. मुलीला दुतोंड्या मारुती दाखवा आणि पाणी कुठवर चढत असेल ते तिला विचारा. रामकुंडावर दिवे लागेपर्यंत बसा. शनिवार संपला.

रविवारी एकच दिशा. त्र्यंबक, नाहीतर गड, नाहीतर लेणी आणि वाइनरीचा द्राक्षमळा. कुठली ते मी का सांगू? आईला विचारा. वडिलांना वेगळं विचारा, आईसमोर नाही.

थोडं दाजींच्या बाजूनेही लिहायला हवं. सुट्टी त्यांना दोनच दिवस मिळते आणि मी आयुष्यभर गावात राहून त्र्यंबकला चार वर्षांत गेलेलो नाही, तेव्हा मला रमतगमत फिरायचा उपदेश सोपा आहे. शिवाय काही गोष्टी आधी ठरवाव्याच लागतात. नवरात्रात गडावर खासगी गाड्या सोडत नाहीत, पायथ्याच्या नांदुरीहून एसटीने जावं लागतं. गडावर आता ट्रॉली आहे, आईंचे गुडघे दुखत असतील तर पायऱ्यांचा विचारही नको. श्रावणी सोमवारी त्र्यंबक नको. वेल बघायचे असतील तर जानेवारी ते मार्च या, आणि उजेडात या. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, म्हणजे गावात कुठला रस्ता कधी खोदलेला असेल ते आम्हालाही सांगता यायचं नाही.

वाइनरी कुठली चांगली ते विचारलंत, त्याचं उत्तर राहिलं. मी पीत नाही.

ता. क. : टाकण्याआधी ताईला वाचायला पाठवलं. ती म्हणते, सगळं ठीक आहे, पण घाटावरून निघायची वेळ चार दहा नव्हती, चार पंचवीस होती. तो लॅमिनेट केलेला तक्ता अजून तिच्या कपाटात आहे, फोटो काढून पाठवलाय. चार पंचवीसच आहे. म्हणजे अण्णांना अजून पंधरा मिनिटं होती.